चमच्यातला च

फोन वाजला तशी आईनं दोन्ही हात हलवून मला खूण केली, मी नाही म्हणून सांग.

"ताई आहे का गं?" पलीकडून मामानं विचारलं.

त्याची ताई, म्हणजे माझी आई, माझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसली होती. मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलत होती.

"जरा पडलीय रे मामा. उठली की सांगते."

"मागच्या वेळी आंघोळीला गेली होती. त्याआधी पडलीच होती. चार वर्षं झाली, माझी बहीण एक तर आंघोळ करते नाहीतर झोपते. एवढी स्वच्छ आणि ताजीतवानी बाई दुसरी सापडायची नाही."

मी हसले. तो हसला नाही.

"एक खरं सांग. तिनं माझ्यावर दात धरलाय का?"

मामाला फोनवर ओरडून बोलायची सवय. त्या दिवशी आवाज बसलेला होता, तरी खोलीभर ऐकू येत होता. आईचा वाटाणे सोलणारा हात थांबला.

"काहीतरीच काय, मामा."

"मग बोलत का नाही? हे बघ, माझ्या घशात गाठ निघालीय. पुढच्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला ऑपरेशन आहे. आवाजाची पेटीच काढून टाकणार म्हणतात. म्हणजे त्यानंतर मी मुका. त्याआधी एकदा तिला माझ्याशी बोलायला सांग. शिव्या दिल्या तरी चालतील."

फोन ठेवला, तेव्हा आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "दात धरलाय म्हणे. धरायला एक तरी शिल्लक अशायला हवा ना."

'असायला' तिला म्हणता येत नव्हतं. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

ही अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला तेव्हा शहात्तरावं लागलं होतं. मी छप्पन्नची होते आणि एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून माझी एकतीस वर्षं झाली होती. म्हणजे बघा, सगळ्या गावाला दात राखायचे धडे देणाऱ्या बाईच्या घरात असं बोळकं बसलेलं. आमची डॉक्टरीण मला वर्षातून दोनदा शाळांमध्ये पाठवायची. मी मुलांना विचारायची, "शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट कोणती?" कुणी म्हणायचं हाड, कुणी म्हणायचं नख. एकदा एक मुलगी म्हणाली, "आमच्या बाईंचं मन." मग मी सांगायची की दातावरचं पांढरं कवच हाडापेक्षाही कडक असतं. पण मोडलेलं हाड सांधतं, फाटलेली कातडी भरून येते. त्या बिचाऱ्या कवचाला मात्र स्वतःला भरून काढता येत नाही. एकदा गेलं की गेलं. म्हणून सकाळी दोन मिनिटं, झोपण्याआधी दोन मिनिटं. ब्रश पेन्सिलीसारखा हलका धरायचा, करपलेलं भांडं घासल्यासारखा नाही. आंबट खाल्लं की अर्धा तास दात घासायचे नाहीत, तेवढ्या वेळात कवच मऊ पडलेलं असतं.

आईचे दात पंचविशीतच जायला लागले होते. ती म्हणायची, "एका बाळंतपणाला एक दात द्यावा लागतो." आम्ही पाच भावंडं. लहानपणी मला वाटायचं, तिच्या तोंडात पुढे जी फट होती ती माझी. मी ते खरं धरून चालले होते. दवाखान्यात लागल्यावर डॉक्टरणीनं सांगितलं, "छे हो. मूल आईच्या दातांतून काही काढून नेत नाही. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांनी तोंड आंबतं आणि पुढे बाईला स्वतःकडे बघायला वेळ नसतो. एवढंच." एवढंच ऐकून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. दात आम्ही नेले नव्हते. तिची दोन मिनिटं तेवढी नेली होती.

मामा तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्या जन्मानंतर आजीनं जे अंथरूण धरलं ते सोडलं नाही. मग दहा वर्षांच्या मुलीनंच त्याला वाढवलं. त्याचा पहिला दात आईनं स्वतःच्या बोटानं शोधला होता. खालच्या हिरडीवर बोट फिरवलं आणि तांदळाच्या कणीसारखं काहीतरी टोचलं. "आणि चावला मेला," असं ती प्रत्येक वेळी सांगायची. भरवायला बसली की तो पाखराच्या पिल्लासारखा आ करून बसायचा, घास तोंडात पडला की लगेच पुन्हा आ. म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं चोच्या. बाकीच्यांनी त्याला शाळेतल्या नावानं हाक मारली, बायकोनं अहो म्हटलं, पुढे साहेब झाला तेव्हा कचेरीनं साहेब म्हटलं. चोच्या म्हणणारी जगात एकच.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. आपल्या भाषेत च दोन आहेत. लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. चहातला च जिभेच्या मधल्या भागानं वर टाळूला लावून म्हणतात. तो बोळक्या तोंडालाही जमतो. चमच्यातला च मात्र जिभेचं टोक पुढच्या दातांच्या मागे टेकल्याशिवाय निघत नाही. चोच्यात दोन्ही आहेत. पहिला चमच्यातला, दुसरा चहातला. पुढचे दात गेल्यापासून आईच्या तोंडून ते 'च्योच्या' असं यायचं.

त्या फोनच्या चार वर्षं आधी मामा येऊन गेला तेव्हा तिचे शेवटचे दोन दात नुकतेच गेले होते. निघताना दारात चपला घालता घालता तो म्हणाला, "ताई, आता चोच्या म्हणून दाखव बघू." चेष्टाच ती. आईनं तोंड उघडलं, मिटलं आणि आत निघून गेली. त्यानंतर ती त्याच्या फोनला आली नाही.

मामाच्या त्या फोननंतर मी तिला म्हटलं, "आई, जशी आहेस तशी बोल ना. त्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. मला पडतो."

"अगं, च्योच्या काय आणि चोच्या काय."

"च्योच्या कोण? माझा नाही कुणी त्या नावाचा." मग म्हणाली, "तुमच्या त्या मिश्त्रीला विचार. पाच आठवड्यांत होतात का दात."

पूर्वी एकदा तिनं दुसरीकडून कवळी करून घेतली होती. तोंडात फळी घातल्यासारखं होतं म्हणून ती डबीत गेली आणि डबी कपाटात. दात गेले की खालचं हाडही हळूहळू झिजत जातं, त्यामुळे ती जुनी कवळी आता तिच्या तोंडात नुसती पोहली असती. नवीनच करायला हवी होती.

मिस्त्री म्हणजे आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करणारा माणूस. घराणं सुतारांचं, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. स्वतः त्यानं आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. खोलीभर प्लॅस्टरची पांढरी धूळ, एक स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि फळ्यांवर मांडलेले लोकांचे जबडे. दोन माणसांचे दात कधी सारखे नसतात, असं तो नेहमी सांगायचा, आणि एखादा जबडा हातात घेऊन, "हे मास्तर, मेले त्याला सहा वर्षं झाली," म्हणत धूळ पुसायचा.

"लोक विचारतात, चावता येईल का, चांगलं दिसेल का," तो आईला म्हणाला. "तुमचं काय?"

"मला एक नाव घ्यायचंय."

"नवऱ्याचं?"

"गाढवा, भावाचं."

मिस्त्री साठीला आला होता. त्याला गाढव म्हणणारं कुणी उरलं नसावं. तो एकदम खूश झाला.

ठसे घेतले, साचे झाले, दुसऱ्या आठवड्यात मेणावर दात लावून पहिली जुळणी झाली. त्याची रीत अशी होती की जुळणी तोंडात बसवून माणसाला एकसष्टपासून पुढे आकडे म्हणायला लावायचे. आकड्यांमधला स खोटं बोलत नाही म्हणायचा. आईनं एकसष्ट, बासष्ट झकास म्हटलं. कितीतरी वर्षांनी स ऐकला मी तिचा. मग तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "तोच्या."

"पुन्हा."

"तोच्या. तो... तोच्या."

"तोच तोच काय करताय, आजी?"

कुणी हसलं नाही. मिस्त्रीनं मेण तापवलं, दात जरा पुढे घेतले. आता बारीक शिट्टी वाजली. मागे घेतले, तर 'थोच्या'. पुढच्या आठवड्यात दुसरी जुळणी, तिचंही तेच. आईनं मेणाची कवळी काढून त्याच्या हातात दिली. नंतर आठवडाभर दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. मी काही म्हटलं की, "राहू दे. त्याचा आवाज जाणार, माझा गेलाच आहे. झालं बरोबर."

"तो वाट बघतोय, आई."

"मग मी काय करतेय इथे?"

तो आठवडा आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सात दिवस नुसते गेले. मी फोन लावून रिसीव्हर तिच्या कानाला दाबून धरायला हवा होता. तिच्या अभिमानाला मी घाबरले. ती माझी आई होती.

आठव्या दिवशी मिस्त्रीनं मला मागच्या खोलीत बोलावलं. "बाई, म्हणा बघू. चोच्या."

म्हटलं.

"बोलायला कुणाकडून शिकलात?"

"आईकडून. दुसरं कोण होतं घरात?"

"मग तुमची जीभ जिथं टेकते तिथंच त्यांची टेकत असणार. बसा खुर्चीत."

एकतीस वर्षं मी लोकांना त्या खुर्चीत बसवलं. स्वतः बसायला मला कधीच आवडलं नाही. त्यानं माझ्या टाळूचा ठसा घेतला, त्यावरून पातळशी पट्टी केली, तिच्यावर पांढरी पूड भुरभुरवली आणि ती अलगद माझ्या तोंडात बसवली. "थुंकी गिळू नका. चोच म्हणा. एकदाच."

मी चोच म्हटलं. त्यानं पट्टी काढून दिव्याखाली धरली. पुढच्या दातांच्या मागे, बरोबर मध्यावर, पूड पुसली गेली होती. नखाएवढी चंद्रकोर.

"हे बघा," तो म्हणाला. "तुमच्या आईंचा च."

मी बघत राहिले. माझ्याकडे आईची पत्रं नाहीत, ती लिहीत नसे. तिच्या तरुणपणाचा एकही फोटो नाही. आणि हे इतकी वर्षं माझ्याच तोंडात होतं, मी दिवसातून शंभरदा वापरत होते. चाक म्हणताना, चूल म्हणताना, चहा म्हणताना नाही, पण चोर म्हणताना. आता पंच्याहत्तरीत माझे स्वतःचे सहा दात गेलेत. पुढचे मात्र मी जिवापाड जपते. तीन महिने झाले की ब्रश बदलते, जीभ घासते, पेस्ट थुंकल्यावर भरमसाट चुळा भरत नाही, म्हणजे तिचा अंश दातांवर राहतो. नातवंडं म्हणतात, आजीला दातांचं वेड आहे. असू दे.

मिस्त्रीनं त्या चंद्रकोरीच्या मापानं आईची जुळणी बदलली. पुढचे दात तांदळाभर आत, मागची कड जरा भरीव. आईला मी कशीबशी दवाखान्यात आणली. जुळणी तोंडात बसली. आकडे म्हणायला न थांबता ती म्हणाली, "चोच्या."

मिस्त्रीनं मान वळवली आणि उगीचच दिवा विझवला.

जुळणीची पक्की कवळी व्हायला आणखी दिवस लागले. चोवीस तारखेला ती हातात आली. नव्या कवळीची सवय व्हायला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, घास लहान घ्यायचे, दोन्हीकडून चावायचे, झोपताना काढून पाण्यात ठेवायची, आणि धुताना खाली पाण्यानं भरलेलं भांडं घ्यायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. हे सगळं मी घरी येताना तिला सांगत होते. ती ऐकत नव्हती. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालली होती. "चष्मे. चादरी. चार दिवसांत चोख काम." लोक वळून बघत होते.

"आज नको," दारात आल्यावर ती म्हणाली. "हिरडी जरा दुखतेय. उद्या करू फोन. उद्या मी नीट बोलेन."

अठ्ठावीसला अवकाश होता. पण मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात जायच्या आधी मामाच्या मुलीला फोन लावला.

"अगं, झालं ऑपरेशन," ती म्हणाली. "परवाच. हॉस्पिटलमध्ये जागा रिकामी झाली, एकवीसला संध्याकाळी अचानक बोलावून घेतलं. सुखरूप आहेत. निघायच्या आधी बाबांनी तुमच्याकडे फोन केला होता. खूप वेळ वाजला. कुणी उचलला नाही."

एकवीसला रात्रीपर्यंत मी दवाखान्यात होते. आई घरी एकटी होती.

मी फोन ठेवला. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं.

"वाजला होता," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर स्वच्छ. "म्हटलं, तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

ती रडली नाही. कवळी काढली आणि पाण्यात ठेवली.

दोन दिवसांनी मामाला वॉर्डमध्ये आणलं. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मामेबहिणीचाच फोन आला. आईनं स्वतः उचलला. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"आत्या? अगं, तू बोलतेयस!" मामेबहीण म्हणाली. "बाबांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतंय. मी फोन त्यांच्या कानाला लावते. बोल."

पलीकडे चादरीची सळसळ झाली. मग नुसता श्वास, जरा घरघरता.

आई ताठ उभी राहिली.

"चोच्या," ती म्हणाली.

काहीच नाही. श्वाससुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"चोच्या, मी ताई. दात धरला नव्हता रे तुझ्यावर. दातच नव्हते."

मग लांबून मामेबहिणीचा आवाज आला, अर्धा हसत, अर्धा रडत. "आत्या, बाबा नुसते दात काढतायत! इतक्या दिवसांत पहिल्यांदा!"

"काढ म्हणावं," आई म्हणाली. "आहेत तोवर काढून घे."

मामेबहिणीनं फोन पुन्हा त्याच्या कानाला लावला. मी खुर्ची सरकवून दिली, आई बसली. तिनं त्याला विचारलं, जखम दुखते का. आणि थांबली. मग म्हणाली, "दुखणारच." विचारलं, काय खायला देतात. थांबली. "नळीतून? मग आ करायचं कामच उरलं नाही तुला." पुन्हा थांबली, आणि स्वतःशी मान हलवली. मी मागे उभी होते, पलीकडून एकही शब्द येत नव्हता. ती मात्र बोलत होती, चार वर्षांचं सगळं, सावकाश, एक अक्षर न चुकवता. प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबायची, त्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला असता बरोबर तेवढी, आणि मग पुढे बोलायची.